झाकण उघडू नये!

एक लिटरची पाण्याची रिकामी बाटली घ्या. तळापासून दोन बोटं वर, तापवलेल्या टाचणीने सात-आठ बारीक भोकं पाडा. सगळी एकाच उंचीवर, बाटलीला करदोटा बांधल्यासारखी. (एकाच उंचीवर का, ते शेवटी सांगते. त्यात माझी नाचक्की आहे.) बाटली बादलीत बुडवून काठोकाठ भरा, पाण्यातच झाकण घट्ट लावा, बाहेर काढून पुसा आणि टेबलावर घमेल्यात ठेवा. थेंब गळत नाही. मग तिच्यावर कागदाची पट्टी चिकटवून ठळक लिहा, ‘झाकण उघडू नये’. आणि आपण त्या गावचेच नाही अशा चेहऱ्याने हजेरी घेत बसा.

मी औसा तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत विज्ञान शिकवते. आमच्या वर्गात ही बाटली हजेरी संपेपर्यंतसुद्धा तग धरत नाही. ‘उघडू नये’ असं वाचून गप्प बसणारं लेकरू मराठवाड्यात अजून जन्मायचंय. कुणीतरी काहीतरी निमित्त काढून उठतं, झाकण फिरवतं आणि सगळ्या भोकांतून पिचकाऱ्या सुटतात. घाबरून झाकण परत लावलं की बंद. पुन्हा उघडलं की सुरू. तिसऱ्यांदा झाकण फिरवताना मात्र भीती गेलेली असते, भुवया आकसलेल्या असतात. माझा तास खरा तिथून सुरू होतो.

घमेलं पाण्यासाठी. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं, त्या भागातली ही शाळा. प्रयोग झाला की घमेल्यातलं पाणी जास्वंदाला जातं आणि ते कुणी घालायचं यावरून भांडणं होतात.

आता बघा, ‘पाणी का सांडलं?’ असं कुणीच विचारत नाही. भोक आहे, पाणी आहे, सांडणारच. सगळे विचारतात, ‘मग आधी का सांडत नव्हतं ओ मॅडम?’ ‘हवेला दाब असतो’ हे वाक्य पुस्तकात वर्षभर पडून असतं, त्याला कुणी काही विचारत नाही.

उत्तर असं. भोकापाशी ढकलाढकली चालू असते. आतून पाणी बाहेर ढकलतं, बाहेरून हवा आत ढकलते. हवा कितीशी ढकलणार, असं वाटतं. पण आपल्या डोक्यावर कित्येक किलोमीटर उंचीचा हवेचा ढीग आहे आणि त्याचं ओझं दर चौरस सेंटिमीटरला जवळपास १ किलो पडतं. सहावीतल्या लेकराच्या तळहातावर हिशेब केला तर पन्नासेक किलो, म्हणजे सिमेंटची एक गोणी. ती जाणवत नाही, कारण हवा तळहाताच्या खालूनही तेवढ्याच जोराने वर ढकलत असते.

झाकण बंद असतं तेव्हा हे ओझं बाटलीतल्या पाण्यावर वरून पडत नाही, झाकण ते अडवतं. थोडं पाणी भोकातून निसटलंच तर वर जागा रिकामी होईल आणि ती भरायला हवेला आत यायची वाट नाही. त्यामुळे आतला जोर लगेच उणा पडतो आणि बाहेरची हवा पाण्याला भोकाच्या तोंडाशीच थोपवते. झाकण उघडलं की वरूनही हवा तितकीच ढकलू लागते. दोन्हीकडच्या हवेची फिटंफाट झाली, उरलं पाण्याचं स्वतःचं वजन, आणि तेच पिचकारी उडवतं. भोक बारीक यासाठी की पाण्याच्या पृष्ठभागाला दुधावरच्या सायीसारखा एक ताण असतो, त्याला पृष्ठीय ताण म्हणतात. टाचणीएवढ्या भोकावर तो ताण हवेचा बुडबुडा आत शिरू देत नाही. खिळ्याने मोठं भोक पाडलंत तर हवा गुडगुडत आत जाईल, पाणी बाहेर येईल आणि सगळी मजा जाईल.

इथे एक गैरसमज मुळापासून उपटावा लागतो. लेकरं म्हणतात, आतली पोकळी पाण्याला ओढून धरते. ओढत कुणीच नाही; बाहेरची हवा ढकलते. हा शब्दांचा कीस वाटेल, पण ज्याच्या विहिरीवर मोटार आहे त्याला हा फरक दर उन्हाळ्यात सोसावा लागतो. काठावरची मोटार पाणी ‘ओढते’ असं आपण म्हणतो. प्रत्यक्षात ती फक्त पाइपातला दाब कमी करते. विहिरीतल्या पाण्यावर हवेचं जे ओझं पडलेलं आहे, ते पाण्याला पाइपात वर चढवतं. आणि हे ओझं पाण्याचा फार तर १० मीटर उंचीचा खांब पेलू शकतं. मोटार पाच एचपीची लावा नाहीतर पन्नास एचपीची, हवा काही जास्त जोर लावणार नाही. गॅलिलिओने १६३८ साली या मर्यादेबद्दल लिहिलं होतं. त्याचं कारण त्याला नीट पकडता आलं नव्हतं, ते त्याच्या पुढच्या पिढीतल्या टॉरिचेलीने पकडलं. १६४३ च्या सुमारास त्याने पाण्याऐवजी पारा घेतला. पारा पाण्याच्या साडेतेरा पट जड, म्हणून त्याचा खांब फक्त ७६ सेंटिमीटरवर थांबला. हवेचा दाब मोजायचं पहिलं साधन ते हेच.

लातूर-औसा भाग समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या आसपास वर आहे. इथे हवा थोडी विरळ, त्यामुळे १० मीटरचे साडेनऊ होतात. पाइपातलं घर्षण, सांध्यांतली गळती धरली की हातात वीस-बावीस फूटच उरतात. म्हणून पाणी खोल गेलं की मोटार दोराने विहिरीत खाली सोडायची वेळ येते. आणि म्हणूनच पाचशे फुटांच्या बोअरवर काठावरची मोटार चालत नाही. पाणबुडी मोटार पाण्यात सोडावी लागते, ती खालून ढकलते. एवढं सांगून होतं न होतं तोच एरवी खिडकीबाहेर बघत बसणारा एक जण म्हणाला, ‘आमच्या आबानं परवाच मोटार खाली सोडलीय.’ मग फुटबॉल म्हणजे काय (गावात फूटव्हॉल्व्हला हेच म्हणतात), तो बसवला नाही तर पाइपातलं पाणी परत विहिरीत कसं जातं, हे त्यानेच फळ्यावर काढून दाखवलं. मला त्यातलं निम्मं माहीत नव्हतं.

लेकरांना असं फसवून शिकवण्यात काय शहाणपणा, असं पालक विचारतात. त्यांना मी एक प्रयोग सांगते. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात एमी स्टाल आणि लिसा फायगेन्सन या दोघींनी अकरा महिन्यांच्या बाळांना हातचलाखी दाखवली होती. २०१५ साली ते काम ‘सायन्स’ या नियतकालिकात आलं. काही बाळांना एखादी वस्तू भिंतीतून आरपार गेल्यासारखी दाखवली, काहींना ती कडेवरून पुढे जाऊन हवेत तरंगल्यासारखी. नंतर तीच वस्तू त्यांच्या हातात दिली. आरपार गेलेली बघणारी बाळं ती आपटून बघत होती. तरंगलेली बघणारी बाळं ती खाली टाकून बघत होती. ज्यांच्यापुढे अजब काही घडलंच नव्हतं, त्यांना त्या वस्तूचं विशेष काही वाटलं नाही. ज्यांना अजून ‘आई’ म्हणता येत नाही त्यांनी जिथे फसलो नेमकं तिथेच खणायला घेतलं.

पण फसायचं तर आधी काहीतरी ठाम वाटत असावं लागतं. म्हणून मी प्रयोगाआधी कयास विचारते आणि हात वर करून घेते. एकदा हात वर गेला की माघार नाही.

याला तव्याइतका चांगला प्रयोग मला सापडलेला नाही. फेब्रुवारीत रसवंत्या सुरू झाल्या की तिथून बर्फाचे दोन सारखे तुकडे आणायचे. भाकरीचा जाड लोखंडी तवा आणि लाकडी पाट आदल्या दिवसापासून वर्गात शेजारी शेजारी ठेवायचे. सकाळी सगळ्यांनी दोन्हींना हात लावून बघायचा. तवा गार, पाट बरा. आता सांगा, बर्फ कशावर आधी वितळेल? सगळा वर्ग पाटाकडे. एका वर्षी मुख्याध्यापक सहज डोकावले होते, त्यांचाही हात पाटाच्या बाजूने गेला. बर्फ ठेवला. तव्यावरच्या तुकड्याखाली लगेच पाणी सुटलं आणि तो घसरायला लागला. बघता बघता त्याची चकती झाली. पाटावरचा मात्र निवांत बसलेला.

रात्रभर एकाच खोलीत राहिलेल्या तव्याचं आणि पाटाचं तापमान एकच असतं. आपलं बोट तापमान मोजत नाही, बोटातली उष्णता किती वेगाने निघून चालली आहे ते मोजतं. लोखंडातून उष्णता लाकडापेक्षा शेकडो पट सहज वाहते. तवा बोटातली उष्णता भराभर पळवतो म्हणून गार लागतो, आणि त्याच गुणामुळे स्वतःची उष्णता बर्फाला भराभर देतो. हेच लेकरांना एप्रिलच्या दुपारी घरी करून बघायला सांगते. पारा चाळिसावर गेलेला असतो, म्हणजे तवा आपल्या कातडीपेक्षा गरम. फेब्रुवारीत गार लागलेला तोच तवा, चुलीपासून लांब ठेवलेला, आता पाटापेक्षा गरम लागतो. कोकणातल्या किंवा महाबळेश्वरच्या शाळेला हा दुसरा भाग इतका झकास जमायचा नाही. आमच्या उन्हाळ्याचा एवढा तरी उपयोग.

हळदीच्या पत्राचा खेळ वेगळ्या जातीचा आहे. कपडे धुण्याच्या साबणाची वडी पाण्यात भिजवायची, त्या पाण्यात काडी बुडवून पांढऱ्या कागदावर लिहायचं आणि वाळू द्यायचं. कागद कोरा दिसतो. हळद नुसत्या पाण्यात नीट विरघळत नाही, म्हणून ती थोड्या सॅनिटायझरमध्ये कालवायची आणि कापसाच्या बोळ्याने कागदावर फिरवायची. पिवळ्या कागदावर लालसर तांबडी अक्षरं उमटतात. हळदीतला पिवळा रंग अल्कलीला, म्हणजे साबण, चुना, सोडा यांना भेटला की तांबडा होतो. वर लिंबू पिळलं की परत पिवळा. शर्टावर पडलेला वरणाचा डाग साबण लावताच लाल होतो हे प्रत्येक आईला ठाऊक आहे. हळद आणि चुना यांपासून कुंकू करायची जुनी रीत याच रसायनावर उभी आहे. हिंगोली जिल्ह्यातल्या वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून मी प्रयोगाला मुद्दाम ‘वसमतची हळद’ म्हणते. लेकरांना त्याने काय फरक पडतो कोण जाणे.

पहिल्यांदा हे पत्र दाखवलं तेव्हा एक पोरगी हळूच म्हणाली, ‘भानामती.’

मराठवाड्यात हा शब्द विनोदाने घेता येत नाही. अंगावर फुल्या उठणं, घरावर दगड पडणं, कपडे पेटणं, हे इथल्या आज्यांनी ऐकलेलंच नाही तर पाहिलेलं असतं. फुल्यांमागे बहुतेक वेळा बिब्बा निघतो. बिब्ब्याचं तेल कातडीला लागलं की लगेच काही दिसत नाही. काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी, काळा डाग आणि फोड वर येतात. तोवर लावणारा हात लांब गेलेला असतो, म्हणून ‘कुणी शिवलंसुद्धा नाही’ असं वाटतं. (बिब्बा वर्गात आणू नका. फोड खरे असतात.) अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते गावोगाव जाऊन असे चमत्कार आधी करून दाखवतात आणि मग त्यातली क्लृप्ती फोडून सांगतात. डॉ. नरेंद्र दाभोलकर वर्षानुवर्षं ज्या कायद्यासाठी झगडले, तो जादूटोणाविरोधी कायदा त्यांच्या खुनानंतर, २०१३ सालीच झाला.

बुवा लिंबातून रक्त काढतो आणि मीही कोऱ्या कागदावर लाल अक्षरं काढते. करणी सारखीच. बुवा लिंबू परत पिशवीत टाकतो, मी साबणाची वडी आणि हळद बाकावर ठेवून बाजूला होते. त्या पोरीने त्या दिवशी स्वतः चार कागद लिहिले आणि एक घरी नेला, आजीला दाखवायला. आजी काय म्हणाली ते तिने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

यात माझंही चुकलेलं आहे. भोकांची बाटली एका वर्षी मी ठरवून एका मुलीच्या हातात दिली, ‘उघड गं जरा’ म्हणून. ती गरीब स्वभावाची, तिने उघडली. एकुलता एक गणवेश भिजला, वर्ग हसला, आणि ती दोन दिवस शाळेत आली नाही. तिसऱ्या दिवशी मी तिच्या घरी गेले. त्यानंतर नियम केला: बाटली टेबलावर ठेवायची, उघडणारा आपल्या पायाने येईल. कुणीच आलं नाही तर फजिती माझी. आणि खाण्यात काही कालवायचं नाही, विजेशी खेळ नाही, अंधारात कुणाला घाबरवायचं नाही. पोटॅशियम परमँगनेट आणि ग्लिसरीन एकत्र करून काडीविना जाळ काढायचा प्रयोग वर्गाला फार आवडतो, पण तो मी शाळेत करत नाही. एकदा दाखवला की संध्याकाळपर्यंत कुणाच्या तरी गोठ्यात होणार.

कॅरमच्या सोंगट्यांचा खेळ सोपा, तो पटकन सांगते. आठ-दहा सोंगट्यांचा मनोरा रचा आणि स्ट्रायकर जोरात सरपटवून फक्त तळच्या सोंगटीला मारा. ती सुसाट निघून जाते, वरचा मनोरा जागच्या जागी धपकन खाली बसतो. हे जडत्व. आहे तिथे राहायची प्रत्येक वस्तूची सवय, आणि जितकी वस्तू जड तितकी ती सवय चिवट.

आमच्याकडे हा खेळ इथेच संपवता येत नाही. ३० सप्टेंबर १९९३, गणेश विसर्जनानंतरची पहाट, ३ वाजून ५६ मिनिटं. किल्लारीचा भूकंप. सुमारे दहा हजार माणसं गेली. जमीन तळच्या सोंगटीसारखी झटक्यात सरकली. घरांवर मातीची जाड माळवदं होती, ऊन अडवायला उत्तम आणि वजनाला प्रचंड. माळवद जागेवरच राहू पाहत होतं, पाया सरकला होता, आणि दोघांच्या मधली ओढाताण दगड-मातीच्या भिंतींवर आली. मातीत रचलेल्या दगडांना ती झेपली नाही. म्हणून भूकंपाच्या भागात छत हलकं ठेवतात आणि भिंतींना आडवे काँक्रीटचे पट्टे देऊन सगळं घर एकजीव बांधतात. ही सोंगट्यांची गोष्ट मी सांगते तेव्हा वर्गात कुणी हसत नाही. त्यांच्या घरांत त्या रात्री गेलेल्यांचे फोटो आहेत.

सामान काय लागतं, असं इतर शाळांतले शिक्षक फोन करून विचारतात. जवळजवळ काहीच नाही. अरविंद गुप्तांनी १९७२ साली सुरू झालेल्या, मध्य प्रदेशातल्या होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमात काम केलं आणि तिथे सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे व काडेपेटीच्या काड्या जोडून त्रिकोण-चौकोन उभे केले. त्रिकोण दाबला तरी हलत नाही, चौकोन लगेच तिरका होतो, आणि पत्र्याच्या शेडच्या कैचीत त्रिकोण का असतात ते दोन मिनिटांत कळतं. पुढे पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेच्या विज्ञान केंद्रात त्यांनी कचऱ्यातून शेकडो खेळणी केली. ती बघा आणि उचला.

आता नाचक्की. पहिल्या वर्षी मी बाटलीला भोकं पाडली ती एकाखाली एक, वरून खाली, चार-चार बोटांवर. दिसायला छान. झाकण घट्ट लावून ऐटीत टेबलावर ठेवली आणि झाकण बंद असतानाच बाटली गळायला लागली. मी झाकण आणखी आवळलं. तरी गळतंय. ‘बाटलीच खराब दिसतेय,’ असं म्हणून विषय बदलला. दुसऱ्या दिवशी दुसरी बाटली, तोच प्रकार. मला खरंच कळेना.

मधल्या सुट्टीत सहावीतली एक पोरगी ती बाटली घेऊन हौदापाशी बसली होती. एकेक भोक बोटाने दाबून बघत होती. मला हाक मारून म्हणाली, ‘मॅडम, वरच्या भोकातून हवा आत जायलीय बगा. बुडबुडं दिसायलेत. हे दाबलं की खालचं बंद.’

बरोबर होतं. खालच्या भोकावर पाण्याचा खांब उंच, वरच्या भोकावर कमी. चार बोटांचा हा फरक वरच्या भोकावरची ताणलेली साय फोडायला पुरेसा होता. हवेला आत यायला वाट मिळाली, म्हणजे वरचं भोक अर्धवट उघड्या झाकणाचंच काम करत होतं. सगळी भोकं एकाच उंचीवर असली की कुणी हवा घेणारं आणि कुणी पाणी सोडणारं उरत नाही.

तिने मग दोनच भोकांच्या बाटल्या केल्या. अर्ध्या बोटाच्या अंतरावर पाणी थांबलं. चार बोटांवर गळालं. दोन बोटांवर कधी थांबायचं, कधी गळायचं. टाचणी जाड होती की बारीक यावर ते ठरत असावं, असा तिचा कयास होता, म्हणून तिने तीन जाडीच्या सुया आणल्या, त्यातली एक गोधडी शिवायची. लग्नसराई चालू होती, गावात रिकाम्या बाटल्यांना तोटा नव्हता.